'छान आहे' एवढंच म्हणू नका

तुमच्या पुस्तक भिशीत या महिन्यात छापील पुस्तक नाही. ग्रुपवर एक पीडीएफ येऊन पडलीये. दोनशे साठ पानं. मुखपृष्ठ नाही, मागं कुणा नामवंताची शाबासकी नाही, आणि नायिकेच्या आत्याचं नाव तिसऱ्याच प्रकरणात बदललेलं. लिहिणारी तुमच्याच कॉलेजातून चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेली ताई. खाली तिचा मेसेज : 'कादंबरीचा दुसरा खर्डा आहे. पुढच्या शनिवारी भेटू. जे वाटलं ते सांगा, पण खरं सांगा.'

आता तुम्ही काय कराल?

बहुतेक जण काय करतात ते आपल्याला ठाऊक आहे. पहिली चाळीस पानं मन लावून वाचतात. मग सबमिशन येतं, एखादी मॅच येते. उरलेली पानं शुक्रवारी रात्री अंगठ्यानं वर सरकवली जातात. (एखादा महाभाग चॅटबॉटकडून सारांश काढून आणतो आणि शनिवारी सगळ्यांत जास्त तोच बोलतो.) कटिंग हातात घेऊन सगळे म्हणतात, 'ताई, छान झालंय. फ्लो मस्त आहे.' ताई हसते, थँक्यू म्हणते आणि कोरी वही घेऊन घरी जाते. तीन वर्षं नोकरी सांभाळून जे लिहिलं, त्याबद्दल तिला नवीन एकही गोष्ट कळलेली नसते.

यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. ओळखीच्या माणसाला तोंडावर 'इथं कंटाळा आला' म्हणणं जड जातं, इतकंच. पण एक लक्षात घ्या. मराठीत बऱ्याच कादंबऱ्यांची पहिली आवृत्ती हजारभर प्रतींची, कधी त्याहूनही कमी असते. ती छापून झाली की आत्याचं बदललेलं नाव, मध्येच गायब झालेला भाऊ, ओढूनताणून आणलेला शेवट हे सगळं कायमचं तसंच राहतं. दुरुस्तीची संधी छपाईच्या आधी असते, आणि या घटकेला ती तुमच्या मोबाइलमध्ये आहे.

पूर्वी हे काम संपादक करायचे. 'सत्यकथा' मासिक आणि मौज प्रकाशनाचे श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्याबद्दल मराठीतल्या जुन्या लेखकांना विचारा. कथा साभार परत यायची ती सोबत सविस्तर पत्र घेऊन. कुठं पात्र पातळ झालंय, कुठं लेखक स्वतःच मध्ये बोलायला लागलाय, सगळं लिहिलेलं. लेखक चिडायचे, मग पुन्हा लिहायला बसायचे. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडलं. आजही मन लावून संपादन करणारे प्रकाशक आहेत, पण पहिल्यांदा लिहिणाऱ्याच्या वाट्याला ते येतीलच असं नाही. त्यामुळे हे काम आता मित्रमंडळींच्या गळ्यात आलंय.

तुमच्यापैकी जे कॉलेजच्या एकांकिकेत असतात त्यांना यात नवं काही नाही. पुरुषोत्तमच्या तालमी सुरू होण्याआधी लेखक संहिता वाचून दाखवतो आणि वाचता वाचता चोरून सगळ्यांचे चेहरे बघतो. कोण हसलं, कोण मोबाइल बघतंय, कोणत्या वाक्याला मागचा दिलीप उठून पाणी प्यायला गेला. नाटकवाल्याला हे चेहरे फुकट मिळतात. कादंबरीवाल्याला ते मिळत नाहीत, कारण तुम्ही त्याचं पुस्तक तुमच्या खोलीत, दार लावून, एकट्यानं वाचता. म्हणून त्याला तुम्हाला शनिवारी बोलवावं लागतं.

गुरुवारी रात्री, लुईसच्या खोलीत

या प्रकारातला जगातला सगळ्यांत गाजलेला अड्डा ऑक्सफर्डमध्ये होता. त्यातून आलेलं पुस्तक तुम्ही वाचलं नसेल तरी पाहिलं नक्की असेल : 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'.

जे. आर. आर. टॉल्किन हे ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजी भाषेचे प्राध्यापक. 'नार्निया' लिहिणारे सी. एस. लुईस तिथंच मॉडलिन कॉलेजात शिकवायचे. त्यांच्या मित्रमंडळाचं नाव 'इंकलिंग्ज'. मंगळवारी सकाळी 'ईगल अँड चाइल्ड' नावाच्या पबमध्ये गप्पा, आणि गुरुवारी रात्री लुईस यांच्या खोलीत वाचन. कुणीतरी आपलं ताजं लिखाण खिशातून काढायचं आणि मोठ्यानं वाचायचं. बाकीचे ऐकायचे आणि मग तुटून पडायचे. लुईस यांचे भाऊ वॉर्नी यांनी लिहून ठेवलंय की ही एकमेकांची पाठ थोपटणारी मंडळी नव्हती. चांगल्याचं कौतुक हात राखून होत नसे, आणि वाईटाची गयही होत नसे.

पण यातला माझा सगळ्यांत लाडका किस्सा इंकलिंग्जचं बस्तान बसण्याच्याही आधीचा आहे. १९२९ साल. टॉल्किन यांनी बेरेन आणि लूथिएन यांच्या प्रेमकथेवर हजारो ओळींचं एक लांबलचक काव्य लिहायला घेतलं होतं. ते त्यांनी धीर करून लुईस यांना वाचायला दिलं. मैत्री तशी नवीनच. लुईस यांनी ते वाचून आधी भरभरून कौतुकाचं पत्र पाठवलं आणि मग आला सविस्तर अभिप्राय. तो कसा, तर जणू हे काव्य शेकडो वर्षांपूर्वीचं आहे, त्याच्या निरनिराळ्या हस्तलिखित प्रती सापडल्यात आणि काही जाडे विद्वान त्यांच्या पाठभेदांवर वाद घालतायत! पीबॉडी, पम्परनिकल अशी या विद्वानांची नावंही लुईस यांनीच रचलेली. एखादी ओळ फसली असेल तर 'ही मूळ कवीची असूच शकत नाही, नकलणाऱ्यानं घोळ घातलाय' असा शेरा. आणि शेजारी 'दुसऱ्या प्रतीत ही ओळ अशी आढळते' म्हणून लुईस यांनी स्वतः सुचवलेली ओळ.

आपल्याकडे एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली हे तुम्ही शाळेत शिकला असाल. तसंच काहीसं, फक्त इथं कवी जिवंत आहे आणि दोन गल्ल्या पलीकडे उत्तराची वाट बघत बसलाय. त्याच्या कमकुवत ओळींचा सगळा दोष एका काल्पनिक नकलनवीसावर! टॉल्किन यांनी त्यातल्या कित्येक ओळी खरोखर बदलल्या. टीका सौम्य नव्हती बरं का. ती एकेका ओळीवर बोट ठेवणारी होती. पण वाचणाऱ्यानं किती बारकाईनं वाचलंय हे तिच्यातून दिसत होतं, आणि तेवढं दिसलं की बोलणं सोसतं.

आता दुसरा वाचक बघा. 'द हॉबिट'चं हस्तलिखित १९३६ मध्ये प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांच्याकडे आलं. मुलांचं पुस्तक मुलांनीच तपासावं असं त्यांचं मत. त्यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला दिलं. मोबदला एक शिलिंग. रेनरनं वहीतल्या कागदावर अहवाल लिहिला की पुस्तक चांगलं आहे, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. (स्वतः दहा वर्षांचा असल्यामुळे त्यानं लहान मुलांचा हिशेब वेगळा धरला असावा.) १९३७ मध्ये पुस्तक आलं आणि लगेच पुढच्या भागाची मागणी सुरू झाली.

टॉल्किन यांनी नव्या पुस्तकाची सुरुवातीची प्रकरणं १९३८ मध्ये रेनरलाही दिली आणि लुईस यांनाही. एक शाळकरी पोरगा, एक ऑक्सफर्डचा पंडित. दोघांची तक्रार मात्र एकच निघाली : हॉबिट लोकांची आपसातली बडबड फार होतेय. टॉल्किन यांनी प्रकाशकांना लिहिलेल्या पत्रात कबूल केलंय की ही बडबड त्यांना स्वतःला मनापासून आवडायची. तरी त्यांनी मान तुकवली, कारण एकमेकांशी न बोलता दोन वाचक एकाच जागी अडखळले होते.

ताईच्या वहीत शनिवारी नेमकं हेच उमटायला हवं. एकाला कंटाळा आला तर तो त्याचा मूड असू शकतो. सात जणांपैकी पाच जण पान ११० ते १३० मध्ये कुठंतरी फोनकडे वळले असतील तर त्या वीस पानांत काहीतरी बिघडलंय, मग ती पानं ताईची कितीही लाडकी असोत.

वाचक कधी चुकतो

इंकलिंग्जमध्ये ह्यूगो डायसन नावाचे एक गृहस्थ होते. गप्पांत पटाईत, पण टॉल्किन यांच्या एल्फ मंडळींचा त्यांना मनस्वी वैताग. सुरुवातीला ते कुरकुर करायचे. पुढं पुढं ते हजर असले की 'रिंग्ज'चं वाचनच होईनासं झालं. त्यांचं ऐकलं असतं तर पुस्तकच राहिलं नसतं. काही वाचक तुमच्या पुस्तकाचे नसतातच. ज्याला भुताखेतांच्या गोष्टींची चीड आहे त्यानं भुताच्या कादंबरीवर दिलेला शेरा नम्रपणे ऐकून बाजूला ठेवायचा असतो. आणि तुम्ही स्वतः असे वाचक असाल तर तसं आधीच सांगून टाका. 'ताई, मला हा प्रकारच झेपत नाही' हा प्रामाणिक अभिप्राय आहे.

डिकन्स यांची गोष्ट जास्त अवघड आहे. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'च्या शेवटी नायक-नायिका कायमचे दुरावतात असं त्यांनी लिहिलं होतं. १८६१ मध्ये छपाईआधी त्यांचे कादंबरीकार मित्र बुल्वर-लिटन यांनी ते वाचलं आणि शेवट बदलायचा आग्रह धरला. डिकन्स यांनी ऐकलं. दोघं पुन्हा भेटतात, आशेला जागा राहते असा नवा शेवट छापला गेला. मूळ शेवट डिकन्स गेल्यानंतर त्यांच्या चरित्रातून बाहेर आला आणि तेव्हापासून वाद चालूच आहे. मला विचाराल तर जुना शेवट खरा वाटतो. पण नवा आवडणारेही कमी नाहीत. म्हणजे मित्राचा सल्ला ऐकून पुस्तक सुधारतंच असं काही नाही.

मग ऐकायचं काय नि सोडायचं काय? 'कोरलाइन'वाले नील गेमन यांचा यावरचा ठोकताळा लेखकमंडळींत फार प्रसिद्ध आहे. वाचक म्हणतो इथं काहीतरी चुकतंय, तेव्हा तो बहुतेक वेळा बरोबर असतो. पण नेमकं काय चुकलं नि ते कसं दुरुस्त करायचं हे सांगायला लागला की तो बहुतेक वेळा चुकतो. डॉक्टरकडं गेल्यावर कसं, 'इथं दुखतंय' हे पेशंटनं सांगायचं, औषध डॉक्टरनं ठरवायचं. तेव्हा 'नायिकेनं शेवटी मुंबईला जायलाच हवं होतं' असं म्हणण्यापेक्षा 'ती गावात का राहिली ते मला पटलं नाही' असं म्हणा. पुढचं ताई बघून घेईल. कदाचित ती शेवटाला हातही लावणार नाही, पाचव्या प्रकरणात आईसोबतचा एक प्रसंग वाढवेल आणि तुमची तक्रार आपोआप मिटेल.

स्टीफन किंग पहिला खर्डा कुणालाच दाखवत नाहीत. तो लिहून झाला की निदान सहा आठवडे ड्रॉवरमध्ये. मग दुरुस्ती करून निवडक लोकांना. त्यांची पहिली वाचक पत्नी टॅबिथा. 'कॅरी'ची सुरुवातीची पानं त्यांनी कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती, ती टॅबिथा यांनी उचलून वाचली आणि लिहीत राहा म्हणाल्या. शाळकरी मुलींच्या जगातलं किंग यांना जे ठाऊक नव्हतं तेही त्यांनीच पुरवलं. १९७४ मध्ये पुस्तक आलं. किंग यांचा हिशेब साधा आहे : वाचकांची मतं अर्धी-अर्धी विभागली तर निकाल लेखकाच्या बाजूनं.

तुम्हाला जे येतं ते

तुम्ही म्हणाल, आम्हाला साहित्यातलं काय कळतं? कळायलाच हवं असं नाही. अँडी वीर यांनी 'द मार्शियन' आधी आपल्या वेबसाइटवर प्रकरणाप्रकरणानं टाकली. वाचणाऱ्यांत विज्ञान कोळून प्यालेली मंडळी होती. ती हिशेबातल्या, रसायनशास्त्रातल्या चुका कळवत गेली आणि वीर त्या सुधारत गेले. नंतर वाचकांच्याच आग्रहानं ती किंडलवर ९९ सेंटला आली, २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशकाकडून छापून निघाली आणि २०१५ मध्ये मॅट डेमनला घेऊन रिडली स्कॉट यांचा सिनेमाही आला.

आपल्याकडचं उदाहरण धरा. ताईनं जुलै महिन्यात साखर कारखान्याची चिमणी धूर ओकताना दाखवली. पुण्या-मुंबईच्या वाचकाला काहीच खटकणार नाही. पण भिशीतला सांगलीचा मुलगा म्हणेल, 'ओ ताई, गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो नि उन्हाळ्यात संपतो. जुलैत कसला धूर?' नागपूरची मैत्रीण म्हणेल, 'करून राहिला' हे आम्ही बोलतो, पण तुझ्या पात्राच्या तोंडात ते दर वाक्याला आहे, असं कुणी बोलत नाही. नर्सिंग करणारी सलाइन लावायचा प्रसंग तपासेल. ज्याचे वडील एसटीत वाहक आहेत तो डबल ड्युटीचा प्रसंग तपासेल. यातलं कुठलंच ज्ञान मराठी विभागाच्या लायब्ररीत मिळत नाही.

आता जरा नाजूक मुद्दा. समजा वाचता वाचता तुमच्या लक्षात आलं की ही अमुक मैत्रीण म्हणजे आपलीच अनुजा. तिच्या घरातलं भांडण, तिनं विश्वासानं सांगितलेलं, जवळजवळ जसंच्या तसं पान ७४ वर आहे. अशा वेळी शनिवारची वाट बघू नका आणि ग्रुपवर तर अजिबात लिहू नका. ताईला फोन करा. शक्य आहे की तिला जाणवलंही नसेल. शक्य आहे की तिनं जाणूनबुजून लिहिलंय आणि अनुजाशी ती बोललीये. पण छापून आल्यावर अनुजाला ते दुकानात उभ्यानं वाचावं लागू नये. खर्ड्यात असताना शहर बदलता येतं, घर बदलता येतं, आख्खं पान काढता येतं.

तेवढ्याच गंभीरपणे दुसरी गोष्ट : पीडीएफ पुढं ढकलायची नाही. 'फक्त एकाच मित्राला पाठवली' म्हणत मराठी पुस्तकांच्या फायली कुठल्या कुठं फिरतात ते तुम्ही पाहिलंय. न छापलेली कादंबरी अशी फुटली तर ताईनं प्रकाशकाला काय सांगायचं? चॅटबॉटला खाऊ घालणंही यातच आलं. तसंही, त्याला कंटाळा येत नाही. आणि ताईला हवी आहे ती तुमच्या कंटाळ्याची जागा.

शनिवारची तयारी म्हणाल तर फार नाही. वाचताना समासात खुणा करा. 'इथं हसलो', 'हा कोण?', 'इथं झोपलो'. बैठकीला यायच्या आधी चार ओळी लिहून ठेवा, कारण ग्रुपमधला वजनदार सीनियर एकदा 'बोअर' म्हणाला की पुढचे सहा जण माना डोलावतात. (उलटंही होतं.) आणि ताईसाठी एकच पथ्य : 'आवडलं का?' विचारायचं नाही. कुठं थांबलात, कुणाचं नाव आठवतंय, शेवट कधी ओळखलात, हे विचारायचं आणि मग गप्प बसायचं. 'मला तिथं असं म्हणायचं होतं' हे वाक्य जिभेवर आलं की चहाचा घोट घ्यायचा. पुस्तक विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जाऊन ती हे समजावून सांगणार नाहीये.

पण टीका टीका करता एक गोष्ट राहायला नको. टॉल्किन यांच्यावर कुणाचाच प्रभाव पडत नाही, असं लुईस गमतीनं म्हणायचे. टीका केली की हा माणूस एकतर सगळं मुळापासून पुन्हा लिहितो, नाहीतर ढुंकूनही बघत नाही. टॉल्किन यांनी मात्र नंतर लिहून ठेवलं की लुईस यांनी पुढचं ऐकायचा हट्ट धरला नसता तर 'रिंग्ज' पुरं झालंच नसतं. १९४४ मध्ये त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर हवाई दलात, दक्षिण आफ्रिकेत होता. युद्ध चालू असताना बाप एकेक प्रकरण टपालानं त्याच्याकडे पाठवत होता, कारण तिकडे कुणीतरी वाट बघत होतं. बारा वर्षांच्या आसपास रखडलेल्या लिखाणाला 'पुढं काय झालं?' या प्रश्नानं जेवढं रेटलं तेवढं चौदा पानी समीक्षेनंही रेटलं नसेल. तेव्हा तुम्ही रात्री दोनला ताईची कादंबरी खाली ठेवू शकला नसाल तर तेही सांगा, आणि कुठल्या पानापासून ते नेमकं सांगा. 'छान आहे'पेक्षा ते कितीतरी पटीनं उपयोगी आहे.

'रिंग्ज'ला टॉल्किन यांनी एक उपसंहारही लिहिला होता. सॅम आपल्या मुलांशी बोलतोय असा. ज्यांनी ज्यांनी वाचला त्या सगळ्यांनी नाक मुरडलं. १९५४-५५ मध्ये तीन खंड छापले गेले तेव्हा तो त्यात नव्हता.

आणि हे खंड छापायचे की नाही हा प्रश्न अन्विन यांच्याकडे आला, तेव्हा त्यावर अभिप्राय देणारा वाचक होता रेनर. तोच, शिलिंगवाला. आता मोठा होऊन वडिलांच्याच कंपनीत कामाला लागलेला. त्यानं वडिलांना कळवलं की पुस्तक असामान्य आहे, पण यात हजार पौंड बुडू शकतात. वडिलांचं उत्तर आलं : तुला खरंच तसं वाटत असेल, तर बुडव.